कागदाची घडी

(क्लोजअप : टेबलावर छापील कागद. दोन हात घडी घालत आहेत.)

हा कागद नीट बघा. साधाच आहे. मधोमध एक घडी, मग दुसरी. नखाने कड दाबायची आणि आत सात इंची तबकडी सरकवायची. झालं रेकॉर्डचं कव्हर! पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त, आणि उलगडलं की भिंतीवर लावायला पोस्टर.

(बेलफास्ट, ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीट)

साल 1978. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला हिंसक संघर्ष पेटलेला. राजधानी बेलफास्टच्या मध्यभागी लोखंडी फाटकं, दुकानात शिरताना पिशव्यांची झडती, दिवेलागणीनंतर शुकशुकाट. हे युरोपा हॉटेल. याच्यावर एवढे बाँबहल्ले झाले की त्यासाठीच ते जगभर ओळखलं जाऊ लागलं. याच रस्त्यावर टेरी हूली यांचं रेकॉर्डचं दुकान होतं, ‘गुड व्हायब्रेशन्स’. इथे कुणाला धर्म विचारत नसत. कॅथलिक पोरं आणि प्रोटेस्टंट पोरं शेजारी उभी राहून एकाच खोक्यातल्या रेकॉर्ड चाळायची. त्या काळच्या बेलफास्टमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. इथल्या पोरांचे बँड शोधायला लंडनहून कोण येणार? मग हूलींनी दुकानातूनच स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, काढलं. ही घडीची कव्हरं तिच्याच रेकॉर्डची.

(डेरी शहराची तटबंदी)

बेलफास्टपासून शंभरेक किलोमीटरवर डेरी. 1972 च्या जानेवारीत, एका रविवारी, ब्रिटिश लष्कराने मोर्च्यावर गोळीबार केला तो याच शहरात. ‘द अंडरटोन्स’ हा पोरांचा बँड इथला. फर्गल शार्की गाणार, जॉन आणि डेमियन हे ओनील बंधू गिटारवर, मिकी ब्रॅडली बेसवर, बिली डोहर्टी ड्रमवर. लंडनच्या कंपन्यांकडे टेप पाठवून झाल्या होत्या, नकारही येऊन झाले होते. बँड मोडायच्या बेतात होता. मोडण्याआधी आपली एक तरी रेकॉर्ड निघावी, एवढीच इच्छा.

ती हूलींनी पुरी केली. 15 जून 1978, बेलफास्टचा विझार्ड स्टुडिओ. खर्च 200 पौंड, गाणी चार. त्यातलं पहिलं ‘टीनएज किक्स’, जॉन ओनीलने लिहिलेलं. अडीच मिनिटांच्या आत संपतं. सुरुवातीला ड्रमचे ठोके, त्यावर गिटार, आणि मग शार्कीचा तो थरथरता आवाज. गाण्यात ना बंदूक, ना सैनिक. एका मुलाला एक मुलगी आवडते, बस. बाहेर एवढं पेटलेलं असताना असं गाणं कसं लिहिता, असं या पोरांना विचारलं गेलं. आम्हाला वाटतं, त्या शहरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही प्रेमात पडायचा हक्क होताच की.

(पुन्हा टेबल. घडी घातलेल्या कव्हरांची चळत वाढते आहे.)

हूली रेकॉर्ड घेऊन लंडनला गेले. तिथे कुणी दाद दिली नाही. पण एक प्रत बीबीसी रेडिओवर गाणी लावणाऱ्या जॉन पीलपर्यंत पोचली. पील यांचा रात्रीचा कार्यक्रम अंडरटोन्सची पोरं डेरीत कान लावून ऐकायची. पील यांनी गाणं लावलं. संपलं, आणि लगेच पुन्हा लावलं.

(फिरती तबकडी)

पुढचं सगळं झपाट्याने झालं. सायर या अमेरिकन कंपनीने करार केला, गाणं खपाच्या ब्रिटिश यादीत 31 व्या क्रमांकावर गेलं, पोरं टीव्हीवरच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या गाण्यांच्या कार्यक्रमात झळकली. 1983 मध्ये बँड थांबला.

(सफोक, ग्रेट फिनबरो. चर्चचं आवार.)

जॉन पील 2004 मध्ये गेले. हा त्यांच्या कबरीवरचा दगड. नावाखाली कोरलेली ओळ त्याच गाण्यातली आहे.