मर्कल दुसऱ्या बेसला शिवला होता का?

नमस्कार श्रोतेहो. आज बेसबॉलच्या पंचांची आणि १९०८ सालच्या मर्कल नावाच्या एका पोराची गोष्ट.

ज्यांचे लेक-जावई न्यू जर्सीत किंवा शिकागोत आहेत, त्यांच्या कानावर सप्टेंबर महिन्यात एक तक्रार येत असेल: जावई रात्रीचं जेवायला टेबलावर येत नाहीत, टीव्हीसमोरून हलत नाहीत. दोष जावयांचा नाही, महिन्याचा आहे. बेसबॉलचा हंगाम या महिन्यात संपत येतो. मार्चच्या अखेरीपासून जवळजवळ रोज एक सामना, एकेका संघाचे १६२ सामने, आणि एवढं खेळून झाल्यावर ३० संघांतले १२ पुढे जातात. फक्त १२. बाकीचे १८ घरी.

मग त्या शेवटच्या पंधरवड्यात काय होतं? २०२५ सालचंच सांगतो. डेट्रॉइटचा संघ जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या साडेपंधरा सामने पुढे होता. साडेपंधरा! आणि गटात पहिलं कोण आलं? क्लीव्हलँड. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स आणि सिनसिनाटी दोघंही ८३ विजय, ७९ पराभव अशा बरोबरीत थांबले. शेवटच्या दिवशी दोघंही हरले, तरी सिनसिनाटी पुढे गेलं, कारण आपापसातल्या सामन्यांत ते वरचढ होतं. २०२२ पासून नियमच तसा आहे. पूर्वी अशी बरोबरी झाली की एक जादा सामना खेळवायचे आणि अख्खं शहर काम टाकून बसायचं. तो जादा सामना बंद केला, हे काही मला पटलेलं नाही. असो.

तर अशा दिवसांत एकेक सामना मोलाचा होतो आणि मग लोकांच्या डोळ्यांत पंच सलायला लागतो. एप्रिलमध्ये पंचाने चुकीचा स्ट्राइक दिला, म्हणजे चौकटीबाहेरचा चेंडू चौकटीतला म्हणून फलंदाजाविरुद्ध धरला, तर लोक हसतात. तोच स्ट्राइक सप्टेंबरमध्ये दिला की त्याची सात पिढ्यांची उजळणी होते. पण माझं म्हणणं ऐका. सगळ्यांत जास्त वाद पंच चुकला म्हणून होत नाहीत. पंच नियमाने बरोबर असतो, पण कालपर्यंत तो नियम कुणी लावत नसतं, तेव्हा खरा वाद पेटतो. हे लक्षात ठेवा: पंच बरोबर, आणि तरी वाद.

याची गोष्ट सांगतो. मला फार आवडते ही गोष्ट.

साल १९०८. नॅशनल लीगमध्ये तेव्हा आठच संघ. शर्यतीत तीन: न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स. तिघं एकमेकांना चिकटून. तेव्हा रेडिओसुद्धा नव्हता हो. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर मोठाले फलक लावायचे, तारेने बातमी आली की त्यावर दाखवायचे कोण बाद झाला, कोण कुठल्या बेसवर आहे. खाली रस्ताभर माणसं माना वर करून उभी. आपल्याकडे पानपट्टीवर ट्रान्झिस्टर आणि शेजारी पाटीवर खडूने लिहिलेला स्कोअर असायचा ना, येणाराजाणारा सायकल टेकवून विचारायचा, ‘किती झाले?’ आता प्रत्येकाच्या खिशात स्कोअर आहे, त्यामुळे कुणी कुणाला विचारत नाही.

हं. १९०८. आधी नियम सांगतो, कान देऊन ऐका, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मैदानावर पळायचे टप्पे असतात, त्यांना बेस म्हणतात; पहिला, दुसरा, तिसरा करून परत फलंदाजीच्या जागी, म्हणजे ‘घरी’ आलं की एक धाव. चेंडू मारला की फलंदाजाला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. एका बेसवर दोघं उभे राहू शकत नाहीत. म्हणून पहिल्या बेसवर जो आधीपासून उभा आहे, त्याला दुसऱ्या बेसकडे जावंच लागतं. तो तिथे पोचायच्या आत चेंडू हातात धरून कुणी दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, तर तो बाद. आणि असा तिसरा गडी बाद झाला, तर त्या चेंडूवर घरी आलेली धाव धरायची नाही. पुन्हा सांगतो: तिसरा गडी असा बाद, तर धाव रद्द.

हे झालं पुस्तकात. मैदानावर काय चालायचं? विजयी धाव घरी आली की दुसऱ्या बेसकडे कुणी जायचंच नाही. सगळे खेळाडू सरळ ड्रेसिंग रूमकडे पळत सुटायचे, कारण प्रेक्षक मैदानात उतरायचे. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तर सामना संपला की लोक मैदानातूनच बाहेर पडायचे. म्हणजे पळ काढण्यात शहाणपण होतं.

४ सप्टेंबर १९०८. पिट्सबर्ग विरुद्ध शिकागो. बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्यात दहाव्या इनिंगमध्ये, म्हणजे दहाव्या डावात, पिट्सबर्गची विजयी धाव आली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल नावाचा खेळाडू नेहमीसारखा अर्ध्या वाटेतून वळला. शिकागोच्या संघात जॉनी एव्हर्स होता. अंगाने काडी, पण नियमांचा किडा. त्याने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पंचाकडे बाद मागितलं. पंच होता हँक ओडे. त्या दिवशी मैदानावर एकटाच पंच. एकटा माणूस कुठे कुठे बघणार? त्याने धाव दिली. शिकागोने लीगच्या अध्यक्षांकडे, हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार केली, तीही फेटाळली. पिट्सबर्ग जिंकलं. पण एव्हर्सने ओडेच्या डोक्यात किडा सोडून दिला होता.

आता १९ दिवसांनी, २३ सप्टेंबर. पोलो ग्राउंड्स. न्यूयॉर्क विरुद्ध शिकागो. आणि पंच कोण? हँक ओडे! या वेळी दोन पंच होते, मुख्य ओडे, बेसवर बॉब एम्स्ली.

न्यूयॉर्कचा नेहमीचा पहिल्या बेसचा खेळाडू फ्रेड टेनी, त्याची कंबर धरली होती. म्हणून एका पोराला उभं केलं. फ्रेड मर्कल. वय १९. त्या हंगामात सुरुवातीपासून खेळायचा हा त्याचा पहिलाच सामना.

नववी इनिंग, शेवटचा डाव, एक-एक अशी बरोबरी, दोन गडी बाद. पहिल्या बेसवर मूस मॅककॉर्मिक. मर्कल फलंदाजीला आला आणि पोराने झकास फटका मारला! मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर, मर्कल पहिल्यावर. पुढे आला अल ब्रिडवेल. त्याने चेंडू सरळ मधून हाणला, इतका सरळ की पंच एम्स्लीला अंग चुकवून जमिनीवर पडावं लागलं. मॅककॉर्मिक पळत घरी. विजयी धाव! माणसं धबाधबा मैदानात उतरली. आणि मर्कल? त्याने लोंढा बघितला, आणि सगळे करतात तेच केलं. अर्ध्या वाटेतून वळला आणि ड्रेसिंग रूमकडे सुटला.

आणि दुसऱ्या बेसवर एव्हर्स उभा! ‘चेंडू! चेंडू!’ म्हणून ओरडतोय. मागून शिकागोच्या हॉफमनने चेंडू फेकला तो भलतीकडे गेला. तिथे जो मॅकगिनिटी उभा होता, न्यूयॉर्कचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या लक्षात आलं काय चाललंय. त्याने चेंडू उचलला आणि दिला गर्दीत भिरकावून. मग झोंबाझोंबी. कुणी म्हणतं, शिकागोच्या एका राखीव पिचरने प्रेक्षकाच्या हातून चेंडू हिसकावून आणला. कुणी म्हणतं, छे, तो चेंडूच वेगळा, पिशवीतून काढलेला. ते काही असो, एव्हर्सच्या हातात एक चेंडू आला. एक चेंडू, कुठला ते देवाला ठाऊक. आणि तो बेसवर चढून उभा राहिला.

एम्स्ली म्हणाला, मी पडलो होतो, मला दिसलं नाही. ओडेने बघितलं होतं. १९ दिवस तो याच क्षणाची वाट बघत असणार. मर्कल बाद. धाव रद्द. सामना एक-एक असा बरोबरीत. पुढे खेळायचं तर मैदानात हजारो माणसं, आणि अंधार पडत आलेला. हजारो लोक त्या रात्री आपण जिंकलो असं समजून घरी गेले, आणि सकाळी वर्तमानपत्र उघडलं!

त्यानंतर जो धुरळा उडाला! प्रतिज्ञापत्रं, बैठका. न्यूयॉर्कवाले म्हणत आम्ही जिंकलो. शिकागोवाले म्हणत मैदान मोकळं करणं यजमानांचं काम होतं, सबब सामना आम्हाला बहाल करा. पुलियम पंचाच्या पाठीशी उभे राहिले. लीगच्या संचालकांनी सांगितलं, गरज पडली तर सामना पुन्हा खेळा. आणि गरज पडली! हंगाम संपला तेव्हा न्यूयॉर्क ९८ विजय, शिकागो ९८ विजय. ८ ऑक्टोबरला त्याच मैदानावर सामना. न्यूयॉर्कचा पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन, त्या वर्षी ३७ सामने जिंकलेला. शिकागोकडून पहिल्याच इनिंगमध्ये मॉर्डेकाय ब्राउनला आणावं लागलं. लहानपणी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताचं एक बोट गेलेलं, आणि त्याच हाताने तो चेंडू असा वळवायचा की बघत राहावं. शिकागो ४-२ ने जिंकलं. मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिकाही जिंकलं. त्यानंतर शिकागोला ती पुन्हा मिळाली २०१६ साली. १०८ वर्षांनी! न्यूयॉर्कचे म्हातारे त्याला मर्कलची हाय म्हणत असतील तर मी त्यांना अडवणार नाही.

आता तुम्ही सांगा, ओडे चुकला? पुस्तक उघडा, ओडे बरोबर. मर्कल दुसऱ्या बेसला शिवला नव्हता. पण मग ४ सप्टेंबरचा गिल? तोही शिवला नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना विनू मांकड आठवत असतील. १९४७, सिडनीची कसोटी. बिल ब्राउन चेंडू पडायच्या आधीच क्रीज सोडून पुढे सरकायचा. मांकडांनी त्याला धावबाद केलं. नियमात बसत होतं, रिवाजात बसत नव्हतं, आणि केवढा गहजब झाला! खुद्द ब्रॅडमन ऑस्ट्रेलियाचे कर्णधार, त्यांनी मांकडांना दोष दिला नाही. पण मांकडांनी त्याच दौऱ्यातल्या आधीच्या सामन्यात ब्राउनला आधी ताकीद दिली होती. ताकीद दिली होती, हे महत्त्वाचं. ओडेचं मन ४ तारखेनंतर बदललं असेल तर चांगलंच, पण मग आठही संघांना बोलावून सांगायचं होतं: बाबांनो, यापुढे मी हे बघणार आहे. एव्हर्सला अंदाज होता, १९ वर्षांच्या पोराला नव्हता. माझा आक्षेप एवढाच आहे. पंचाने कडक व्हावं, जरूर व्हावं, पण आधी सांगून व्हावं.

बोलता बोलता वेळ गेला. मला खरं तर यंत्राबद्दल सांगायचं होतं, ते आता घाईने. २०२६ च्या हंगामापासून स्ट्राइक की बॉल, म्हणजे चेंडू चौकटीतला की बाहेरचा, या पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हान फक्त फलंदाज, पिचर किंवा फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरने द्यायचं, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटून, तेही लगेच. बाहेर बसलेल्या मॅनेजरने नाक खुपसायचं नाही, हे फार छान केलं. स्ट्राइकची चौकट फलंदाजाच्या उंचीवरून ठरते: वरची रेघ उंचीच्या साडेत्रेपन्न टक्क्यांवर, खालची सत्तावीस टक्क्यांवर. त्यासाठी सगळ्या खेळाडूंची उंची मोजून घेतात. उंची वाढवून सांगणाऱ्यांची पंचाईतच. आणि हा निर्णय जाहीर कधी झाला? २०२५ सालच्या २३ सप्टेंबरला. मर्कलचीच तारीख!

आता वाद मिटतील का? स्ट्राइकचे बरेचसे मिटतील. पण २०१२ साली अटलांटात, हरला तो बाहेर अशा सामन्यात, एक चेंडू उंच उडाला आणि झेल सुटला. पंचाने मात्र तो सहज झेलता येण्यासारखा होता असं धरून आधीच हात वर केला होता. फलंदाज बाद. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, १९ मिनिटं खेळ बंद. ‘सहज’ म्हणजे किती सहज, हे कुठलं यंत्र मोजणार?

राहिला मर्कल. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ‘बोनहेड’ पाडलं, म्हणजे आपल्या भाषेत मठ्ठ. कोवळ्या पोराला असं नाव ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. शाळेत मास्तर एखाद्याला एकदा ‘ढ’ म्हणतात आणि साठीतसुद्धा गावात त्याला तेच म्हणतात, बघितलंय ना तुम्ही? पण न्यूयॉर्कचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी त्याला काढलं नाही. उलट पगार वाढवला आणि पुढे कित्येक वर्षं पहिल्या बेसवर खेळवलं. लोकांनी मात्र साध्या चुकीलाही जुनं नाव काढलं. एव्हर्स हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत, गेला १९४६ साली, पंच ओडे गेला २०१३ साली. मर्कल नाही गेला. तो पाच वर्ल्ड सिरीज खेळला आणि पाचही हरला. त्यातली पाचवी, १९१८ सालची, खेळला तो शिकागो कब्जकडून.

वेळ संपली श्रोतेहो. न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो, गजर लावणाऱ्यांनी लिहून ठेवा. नमस्कार.