रिपोर्ट कधीचा?

नमस्कार मंडळी. परदेशी सहलीच्या नियमांवर बोला, असं मला सांगितलंय. पण सुरुवात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी तपासणी नाक्यापासून करते, कारण नियम कसा पालटतो हे आपल्या भागातली माणसं विमानतळाच्या आधी त्या नाक्यावर शिकली. कोविडच्या काळात, २०२१ च्या फेब्रुवारीत, महाराष्ट्रातून कर्नाटकात यायला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट लागायला लागला. जुलैत रिपोर्टऐवजी लशीचं प्रमाणपत्रही चालायला लागलं. महिना सरतो न सरतो तोच दोन्ही डोस घेतलेल्यांनाही रिपोर्ट सक्तीचा झाला. माहेर महाराष्ट्रात कागलला, सासर कर्नाटकात निपाणीला, अशा बायकांचं काय झालं असेल बघा. "लस घेतलीया की, मग रिपोर्ट कशाला?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

परदेशी जाताना नेमका हाच अनुभव येत होता, फक्त नाके जास्त. जाणार त्या देशाचा नियम, मध्ये विमान बदलणार त्या देशाचा, विमान कंपनीचा, परतताना भारताचा आणि बेळगावकरांना घरी पोचायला राज्याचा. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. मुंबई, गोवा किंवा बेंगळुरू गाठावंच लागतं. त्यामुळे कुणी "नियम काय आहे?" असं विचारलं की मी आधी विचारते: कुणाचा नियम, आणि त्यातले तास कुठून मोजायचे?

२०२१ च्या डिसेंबरातली दुबईची सहल घ्या. दुबईला ४८ तासांच्या आतला रिपोर्ट लागायचा आणि ते तास स्वॅब दिल्यापासून धरायचे, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. शिवाय निघण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावर रॅपिड पीसीआर, म्हणजे झटपट होणारी चाचणी. आता समजा, सोमवारी सकाळी दहाला बेळगावात स्वॅब दिला. रिपोर्ट रात्री आला. मंगळवारी गाडीने मुंबई, आणि बुधवारी पहाटे चारचं विमान. बेचाळीस तास झाले, सगळं नियमात. पण विमानाला सात तास उशीर झाला तर एकोणपन्नास! रिपोर्ट निगेटिव्ह, माणूस ठणठणीत, तरी कागद बाद. म्हणून दुबईला निघणाऱ्यांना मी शक्यतो मुंबईत पोचून स्वॅब द्यायला सांगायचे. एक मुक्काम वाढायचा, खर्च व्हायचा, पण जीव टांगणीला लागत नव्हता. परतताना पुन्हा ७२ तासांचा रिपोर्ट भारत सरकारच्या 'एअर सुविधा' पोर्टलवर चढवायचा, आणि मुंबईहून रस्त्याने आलात तर कोगनोळीला परत तोच सवाल: रिपोर्ट कधीचा? तोवर दुबईत दिलेल्या स्वॅबचे बरेचसे तास प्रवासातच संपलेले असायचे.

नियम बदलल्याची बातमी आली की माणसं घाबरून तिकीट रद्द करतात. इथं थोडं थांबायला हवं. कोविडचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आल्यावर थायलंडने २२ डिसेंबर २०२१ पासून विलगीकरणाविना प्रवेशाच्या 'टेस्ट अँड गो' योजनेचे नवे अर्ज घेणं थांबवलं. सिंगापूरने दुसऱ्या दिवसापासून विलगीकरणमुक्त विमानांच्या नव्या तिकिटांची विक्री २० जानेवारीपर्यंत थांबवली. दोन्हीकडे 'नवे' हा शब्द महत्त्वाचा होता. ज्यांच्याकडे मंजुरी किंवा तिकीट आधीच होतं, त्यांची वाट बंद झाली नव्हती. मथळ्यात मात्र 'प्रवेश बंद' एवढंच येतं. मूळ पत्रक उघडायचं, त्यात तारीख बघायची, आणि ती तारीख अर्जाची आहे, तिकिटाची आहे की उतरण्याची, हे बघायचं. एवढं केलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

लशीचा प्रश्न आपल्याला जवळचा. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्यांसाठी देशातल्या ज्या बारा संस्था निवडल्या, त्यांत बेळगावचं जीवन रेखा हॉस्पिटल होतं. याचा अभिमान वाटतोच. पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता यायला ३ नोव्हेंबर २०२१ उजाडला, आणि तोवर अनेक देशांच्या दारात कोव्हॅक्सिन घेतलेला माणूस बिनलशीचाच धरला जात होता. कोव्हिशील्डवाल्यांचंही सुरळीत नव्हतं. ब्रिटनने लस मान्य केली आणि आपलं प्रमाणपत्र मान्य केलं नाही. ११ ऑक्टोबरपासून तो तिढा सुटला, आणि मधल्या काळात कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवरून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारखेची सोय झाली.

प्रमाणपत्रावरचं नाव ही तर सीमाभागाची खास डोकेदुखी. आधारवरचं नाव कुणी कन्नडवरून इंग्रजीत उतरवलेलं, पासपोर्टवरचं मराठी शाळेच्या दाखल्यावरून. एकीकडे 'चौगुले' तर दुसरीकडे 'चौगले', कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. काउंटरवरचा मुलगा आपल्याला ओळखत नाही. त्याला दोन कागदांवर दोन माणसं दिसतात. काकाकाकूंना माझं कळकळीचं सांगणं आहे, पासपोर्ट समोर ठेवून बाकीचा प्रत्येक कागद अक्षरनअक्षर जुळवा, आणि हे तिकीट काढायच्या आधी करा.

तो काउंटरवरचा मुलगा किती महत्त्वाचा, हेही सांगते. तो स्वतःच्या मनाने अडवत नाही. देशोदेशीचे प्रवेशनियम विमान कंपन्यांना 'टायमॅटिक' नावाच्या माहितीसाठ्यातून मिळतात, आणि चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर त्याला परत आणणं बहुधा कंपनीच्याच गळ्यात पडतं, अनेक देशांत दंडही होतो. त्याच्याशी भांडून काही होत नाही. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं पान छापून हातात ठेवा, त्यावर तारीख दिसू द्या. वरिष्ठाला बोलवा म्हणायला मग आधार असतो.

एअर सुविधा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली, चीन-जपानसारख्या काही देशांपुरती जानेवारीत परत आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा गेली. त्याच वर्षी ५ मे रोजी कोविडची जागतिक आरोग्य आणीबाणीही संपली. पण केनियाची सफारी करून येणाऱ्याला आजही भारतात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. लस अधिकृत केंद्रातच घ्यायची, आणि प्रमाणपत्र लागू होतं दहा दिवसांनी. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, तुमची तब्येत कितीही चांगली असो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आफ्रिकेचा बेत असेल, तर आधी या लशीची तारीख ठरवा, आणि तिकीट त्यानंतरचं काढा.