कापसाले हमीभाव, खेळाडूले काय?

राम राम राजेहो! परवा पारावर एक जण तणतणत होता, म्हणे ऋषभ पंतले 27 कोटी अन् आपन वर्षभर वावरात राबून हाती काय. लिलाव 2024 चा, पन त्याचा राग अजून ताजाच. मी म्हटलं बाप्पा, आयपीएल दाखवाचे 5 वर्षाचे हक्क 48 हजार कोटीच्या वर गेले, तो पैसा खेळनाऱ्याच्याच जिवावर येते ना, मंग त्यातला वाटा त्याले भेटला तर आपल्या पोटात काऊन दुखते? आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माले 11 कोटी भेटले तवा तर पेढे तुमीच वाटले.

मले खटकते ते वेगळंच. मी सोता दहा वर्ष कबड्डीत रेडर, म्हंजे चढाई करनारा होतो. रातचे सामने, हॅलोजन, टँकरनं भिजवलेलं मैदान अन् पब्लिक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसलेली. एका साली फायनल जिंकलो, बक्षीस 21 हजार. काळीपिवळीचं भाडं अन् जेवनात 3 हजार गेले, बाकी बारा जनात दीड-दीड हजार. त्याच सामन्यात कोपऱ्यावाल्यानं माझा घोटा धरला, मी पाय ओढला अन् गुडघ्यातून कट्कन आवाज आला. लिगामेंट! नुसत्या एमआरआयले साडेसहा हजार लागले, ऑपरेशन बापानं घरातली तूर विकून केलं. सामने भरवनाऱ्या मंडळवाल्यायनं फोन उचलला नाई.

आता प्रो कबड्डीत पैसा आला हे खरं. 2014 च्या पयल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू 12 लाख 80 हजाराचा होता, 2023 मंदी पवन सेहरावत 2 कोटी 60 लाखाच्या वर गेला. चांगलंच हाये. पन तिथवर पोचनारे किती? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोट्ट्यायनं 1936 ले बर्लिनले जाऊन हा खेळ दाखवला, अन् आज त्याच मुलखातला पोट्टा दीड हजारासाठी गुडघा पणाले लावून रायला. अन् पोरीयचे सामने असले तर बक्षीस त्याच्याई अर्धं. तिकडे क्रिकेट बोर्डानं 2022 पासून बायायची अन् माणसायची मॅच फी सारखी केली, आमच्या गावच्या फलकावर ते अजून पोचलं नाई.

कापसाले निदान हमीभाव जाहीर तरी होते, भेटते का नाई ते सोडा. यंदाच्या सामन्यायच्या वक्ती मी सामने भरवनाऱ्या मंडळाच्या पोरायले म्हटलं, बक्षिसाच्या खाली एक ओळ टाका का पाय मोडला तर खर्च मंडळाचा. ते म्हणे, दादा, फ्लेक्स छापून आला.