दोन झुरक्यांमधला धूर

श्रोतेहो, नमस्कार.

कुणी सिगारेट बोटांत धरून गप्पा मारत बसलं असेल, तर त्या सिगारेटीकडे जरा नीट बघा. झुरका दोन सेकंदांचा, मग मिनिटभर उसंत. त्या उसंतीतही ती जळतच असते. टोकावरून निळसर रेघ वर चढते. तोंडावाटे सुटतो तो धूर पांढुरका, छातीत फिरून आलेला. खोलीत साठतो त्यात या पांढुरक्याचा वाटा थोडा, निळसर धुराचाच मोठा.

आणि हाच जास्त जहरी. झुरका घेताना टोक साधारण ९०० अंश सेल्सिअसला पोचतं, नुसतं धुमसताना ६०० च्या आसपास असतं. चुलीचं गणित आठवा: जाळ चांगला धरला की धूर कमी, निखारा घुसमटला की डोळे चुरचुरतात. तसंच इथं. अर्धवट जळालेल्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया आणि कर्करोग करणारी रसायनं जास्त निघतात, आणि त्यांच्या वाटेत फिल्टरही नसतो. विडीचं थोडं निराळं. ओढत राहिलं नाही तर ती विझते, म्हणून टोकाचा धूर कमी पडतो. पण तेवढ्यासाठीच झुरके भराभर मारावे लागतात आणि तो धूर घरातच सोडला जातो.

“मी पंखा लावतो की!” हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. धुराचे कण एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. पंखा त्यांना बाहेर घालवत नाही, फक्त पाळण्यापर्यंत नेऊन पोचवतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. खिडकीत उभं राहिलं आणि वारा आत येत असला, तर धूरही त्याच्याबरोबर आत. उदबत्तीनं वास झाकला जातो, कणांत मात्र भरच पडते.

न ओढणाऱ्याच्या शरीरात काय होतं? सर्वांत लवकर हृदयाला कळतं. अशा धुरात अर्धा तास बसलेल्या निरोगी, न ओढणाऱ्या तरुणांमध्येही हृदयाच्या रक्तवाहिन्यांची गरजेनुसार रक्तप्रवाह वाढवण्याची क्षमता घटलेली आढळली. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या पेशीही चिकट होतात. वर्षानुवर्षं असं चाललं, तर हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. स्कॉटलंडमध्ये २००६ साली बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झालं. त्यानंतर तिथल्या पाहणीतल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्यासारख्या तातडीच्या दुखण्यानं दाखल होणारे १७ टक्क्यांनी घटले, आणि या घटीतला सुमारे दोन-तृतीयांश वाटा न ओढणाऱ्यांचा होता.

लहान मुलांचं नुकसान दिसतं निराळ्या रूपात. तान्हं बाळ मिनिटाला मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त श्वास घेतं. दमा उफाळतो, न्यूमोनिया होतो. झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. कानाचं मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मुलांची घशापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते. धुरानं तिचं अस्तर सुजलं की पडद्यामागं पाणी साचतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवायला लागतं, हाक मारली की ‘ओ’ देत नाही, आणि घरचे म्हणतात, हट्टी झालंय.

आता करायचं काय? ओढायचंच असेल तर घराबाहेर, दार लावून, दारा-खिडक्यांपासून लांब. गॅलरी म्हणजे बाहेर नव्हे. चाळीत तर नाहीच, तिथला धूर शेजाऱ्याच्या दारातून आत जातो. मोटारीतही नको, काचा उघड्या असल्या तरी. निकोटीन कपड्यांना, पडद्यांना, गादीला चिकटून राहतं, म्हणून परत आल्यावर शर्ट बदलावा, हात धुवावेत, मगच बाळाला घ्यावं. पाहुण्यांसाठी ठेवलेला ॲशट्रे आधी काढून टाका. तो समोर दिसला की विचारायचीही गरज उरत नाही.

सार्वजनिक जागांसाठी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर नियम लागू आहेत, २०० रुपयांपर्यंत दंडही आहे. घरात पोलीस येणार नाही; तिथं बोलावं लागतं घरच्यांनाच. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनाशुल्क आहे.

आणि मुलाला खोकल्यासाठी डॉक्टरांकडे न्याल, तेव्हा घरात कोण ओढतं हे त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. “बाहेरच ओढतात” एवढ्यावर थांबू नका. बाहेर म्हणजे अंगणात, जिन्यात की गॅलरीत, तेही सांगा.