अकरा महिन्यांची नोकरी आणि फौजीचा हक्क

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते आमच्या माजी सैनिक मंडळींशी, आणि त्यातही जे सरकारी ऑफिसात कंत्राटी क्लार्क म्हणून बसलेत त्यांच्याशी.

मी पण बसलोय तसा. फौजेत सतरा वर्षं काढली, पेन्शन आली तेव्हा वय छत्तीस, मुलं शाळेत, मग एका ऑफिसात आवक-जावकचं टेबल मिळालं. ऑर्डर अकरा महिन्यांची, मग दोन दिवसांचा ब्रेक, की परत नवीन ऑर्डर. अशा तीन झाल्या. चौथ्या वेळी साहेबांच्या केबिनमधून एक पत्र खाली आलं, जावक नंबर टाकायला, आणि मी सवयीने रजिस्टर उघडून तारीख लिहिली, विषय लिहिला 'सेवा समाप्तीबाबत', आणि मग कोणाला पाठवायचं तो रकाना भरताना कळलं की नाव माझंच आहे. नंबर टाकला. काय करणार, काम ते काम.

तर मुद्दा असा की टेम्पररी नोकरीत फौजीला वेगळं संरक्षण असतं हा गैरसमज काढून टाका. मला पण वाटायचं, देशासाठी राबलोय, काढतायत कशाला. पण राखीव जागा आहेत त्या भरतीसाठी. केंद्र सरकारच्या गट क मध्ये, म्हणजे क्लार्कसारख्या पदांत, 10 टक्के, वयोमर्यादेसाठी वयातून फौजेतली वर्षं वजा आणि वर 3 वर्षांची सूट, शिवाय दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस असेल तर पदवी लागणाऱ्या गट क च्या राखीव जागेला सुद्धा विचार होतो, फक्त ते काम टेक्निकल अनुभवाचं नको. हे सगळं माजी सैनिकांच्या भरतीसाठी केंद्राने केलेल्या 1979 च्या नियमांत आहे. कंत्राट वाढवायचंच असं त्यात कुठेच नाही. आणि इतकी वर्षं काम केलं म्हणून आपोआप पर्मनंट करा, असं म्हणता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 2006 साली उमादेवी केसमध्ये सांगून टाकलंय. अलीकडे, म्हणजे डिसेंबर 2024 मध्ये, त्याच निकालाच्या आडून वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्या माणसांना डावलू नका असंही कोर्ट म्हणालंय, पण तो लढा लांबचा, वकिलाची फी धरून.

आता कामाची गोष्ट. एकदा राखीव कोट्यातून पक्की सिव्हिल नोकरी धरली की माजी सैनिक म्हणून आरक्षण संपतं. या भीतीने कित्येक जण कंत्राटी जागा पण घेत नाहीत, ते चूक आहे! कधीही काढून टाकता येईल अशा कंत्राटी, ॲडहॉक नोकरीने केंद्राच्या नियमांत तो हक्क जात नाही, कोटा शाबूत राहतो. म्हणजे त्या टेबलावर बसूनच पुढच्या भरतीचे फॉर्म भरत राहा, ऑर्डर वाढेल या आशेवर वर्षं घालवू नका, मी तीन घालवली.

आणि पक्की नोकरी लागलीच, पण आधी दुसऱ्या मोठ्या पदांचे फॉर्म भरलेले असतील, तर 2014 च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे त्यांच्यासाठी आरक्षण चालतं, अट एकच, जॉइन झाल्या झाल्या ऑफिसला स्वतःचं डिक्लेरेशन द्यायचं. कोणत्या तारखेला कोणत्या पदाला अर्ज केला, सगळं तारीखवार. तोंडी सांगून चालत नाही हो, दोन प्रती न्या, एक द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. तिथला क्लार्क उद्या या म्हणेल. उद्या नको, समोर उभं राहून आजच घ्या.