तुमची एफडी आणि वस्तीतला आठवड्याचा हप्ता: मायक्रोफायनान्समधून बँक कशी होते?

नमस्कार मंडळी.

कोथरूडमधले एक काका समजा. थोडं जास्त व्याज मिळतंय म्हणून त्यांनी एका नव्या बँकेत एफडी केली. हे पैसे बँक फिरवते कुठे? ती बँक मायक्रोफायनान्समधून, म्हणजे गरिबांना तारणाशिवाय छोटी कर्जं देण्याच्या धंद्यातून, आलेली असेल, तर त्यातला काही भाग पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत शिलाई मशीन घेणाऱ्या एखाद्या ताईकडे गेलेला असू शकतो. काकांना याचा पत्ता नसतो आणि ताईंनाही.

आज अशाच एका बँकेबद्दल बोलू. बंधन बँक.

२००१ साली चंद्रशेखर घोष यांनी पश्चिम बंगालमध्ये एक सेवाभावी संस्था काढली. कर्जवाटप सुरू झालं हावडा जिल्ह्यातल्या बागनानमधून. पुढे त्याची कंपनी झाली आणि ती देशातली सगळ्यात मोठी मायक्रोफायनान्स कंपनी ठरली. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या बँकांसाठी आलेल्या २५ अर्जांतून फक्त दोघांना तत्त्वतः मंजुरी दिली: आयडीएफसी आणि बंधन. आपल्या पुण्याची बजाज फिनसर्वही त्या रांगेत होती बरं का, आणि तिला नकार मिळाला! २३ ऑगस्ट २०१५ ला बंधन बँक सुरू झाली ती एकदम ५०१ शाखा घेऊन.

(स्क्रीनवर: २००१ संस्था → कंपनी → २०१५ बँक)

बरं, कंपनी जोरात चालली होती, मग बँक होण्याचा खटाटोप कशाला? ठेवींसाठी. मायक्रोफायनान्स कंपनीला लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. ती बँकांकडून कर्ज काढते, त्यावर आपला खर्च चढवते आणि पुढे वाटते. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वसुलीच्या जाचाविरुद्ध वटहुकूम काढला. तिथली वसुली कोसळली आणि बँकांनी या सगळ्या क्षेत्राला पैसे देताना हात आखडता घेतला. बंधनचा धंदा मुख्यतः पूर्वेकडचा होता, पण दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येकाला घाम फुटला असणार. बँक झालात की काकांची एफडी थेट तुमच्याकडे येते, आणि बचत खात्यातला पैसा तर आणखी स्वस्त पडतो.

ठेवी घेणारं टोक असं बदललं. कर्ज देणारं टोक मात्र बरंचसं पहिल्यासारखंच राहिलं. गटाची मीटिंग पाहिली असेल तर कळेल. सतरंजीवर बसलेल्या बाया, हातात हप्त्याचं कार्ड, नोटा मोजून घेणारी गटप्रमुख आणि घाईत असलेला फायनान्सचा पोरगा. तारण काही नाही. गटातल्या बाकीच्या बाया हाच जामीन. एखादीचा हप्ता चुकला की, 'अगं, आमचं पण नाव खराब होईल' म्हणत शेजारणीच तिच्या दारात.

आता हिशोब बघा. कुणी सांगितलं, 'ताई, चाळीस हजार, व्याज फक्त बारा टक्के, ५२ हप्ते.' म्हणजे ४,८०० व्याज, आठवड्याला साधारण ८६२ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होतंय आणि व्याज लावलंय पूर्ण चाळीस हजारांवर. घटत्या शिलकीवर मांडलं तर दर जातो जवळपास पावणेतेवीस टक्क्यांवर! म्हणून मार्च २०२२ च्या नियमांत रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की, वर्षाचा खरा दर साध्या माहितीपत्रकात लिहून द्यायचा. ते पत्रक मागून घ्या. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. बँक असो की कंपनी, नियम सगळ्यांना सारखेच.

दर इतका का? आठवड्याला आठशे-नऊशे रुपये गोळा करायला वस्तीत माणूस पाठवावा लागतो, त्याचा पगार त्या हप्त्यातूनच निघतो. हे खरं आहे. तरी माझं मत सांगतो: स्वस्त ठेवी मिळाल्यावर त्या फायद्याचा मोठा वाटा ताईंपर्यंत यायला हवा, आणि तो आपोआप येत नाही.

आता काकांची बाजू. एका बाईचा हप्ता चुकला तर गट सांभाळून घेतो. सगळ्यांचे एकदम चुकले तर? पूर, लॉकडाऊन, निवडणुकीआधी उठलेली कर्जमाफीची हाळी. बंधनचं कर्ज पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये एकवटलेलं होतं. कोविड आला, आसाम विधानसभेने डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोफायनान्सवर कायदा केला, आणि बँकेची थकबाकी फुगली. असं काही होऊ शकतं हे आधीही दिसत होतंच. २०१९ मध्ये बंधनने गृह फायनान्स ही गृहकर्ज कंपनी सामावून घेतली. प्रवर्तकांचा, म्हणजे बँक काढणाऱ्या मूळ मालकांचा, हिस्सा खाली आणायचा रिझर्व्ह बँकेचा दट्ट्या होताच, पण त्यामुळे घर तारण असलेलं कर्जही पदरात पडलं.

मग काकांनी एफडी ठेवावी का? ठेवावी, पण पाच लाखांचं विमा कवच लक्षात ठेवून. हे कवच एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखांचं एकत्र मोजून असतं. म्हणजे पाच लाखांची एफडी केली तर वर साठलेलं व्याज कवचाबाहेर. साडेचार ठेवा.

शेअर घेणाऱ्यांना एक खूण सांगून ठेवतो. बंधनच्या तिमाही निकालांत 'इमर्जिंग आंत्रप्रेन्युअर्स बिझनेस' नावाचा भाग असतो. नाव भारदस्त आहे, पण गटकर्ज शोधायचं ते तिथेच. एकूण कर्जात त्याचा वाटा किती आणि तारण असलेलं कर्ज किती, हे दोन आकडे मागच्या तिमाहीशेजारी मांडून बघा.