दम आधी वाढतो, नडगी मागे राहते

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचा उकाडा उतरणीला लागला, की टेकड्यांवर, मैदानांवर, समुद्राकाठी नवे बूट घालून धावणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातले बरेच जण दिसेनासे होतात. आळसामुळे म्हणाल, तर तो त्यातल्या थोड्यांचाच. बाकीच्यांचे पाय दुखावलेले असतात, आणि तेही नेमकं धावणं जमायला लागल्यावर.

असं का होतं? नियमित धावू लागलात की पहिल्या दोनेक आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, धाप कमी लागते. पण हाडाचं गणित वेगळं. ताण पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं झिजवतं, मग त्या जागी नवं भरतं. झिजवायला काही आठवडे लागतात आणि भरायला काही महिने. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात तुमचा दम वाढलेला असतो आणि नडगी मात्र आधीपेक्षा नाजूक असू शकते. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडऱ्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्याही सावकाशच सुधारतात. ‘आज जोर आहे, दुप्पट धावू’ असं वाटणारा दिवस हाच धोक्याचा.

म्हणून सुरुवात लाज वाटेल इतकी हळू करा. पाच मिनिटं भरभर चाला. मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी. दोन आठवडे हेच. तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं. मग धावण्याचा वेळ हळूहळू तीन, पाच, आठ मिनिटांवर न्यायचा. नवव्या-दहाव्या आठवड्यात सलग वीस ते तीस मिनिटं धावता येतं. एखादा टप्पा जड गेला तर तो आठवडा पुन्हा करायचा, त्यात काही बिघडत नाही. वेग किती ठेवायचा? धावताना सोबत्याला एक पूर्ण वाक्य न अडखळता सांगता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर वेग जास्त आहे. शेजारून चालणारे आजोबा पुढे गेले तर जाऊ द्या.

आता पावलांबद्दल. नवखा धावणारा लांब टांगा टाकतो, टाच शरीराच्या बरीच पुढे आपटते आणि तो धक्का नडगी-गुडघ्याला बसतो. उपाय सोपा आहे. उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. समजा ३८ आले, म्हणजे मिनिटाला १५२ पावलं. वेग तोच ठेवून ३८ चे ४० करा. पाऊल आपोआप आखूड होतं आणि शरीराखाली पडतं. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नख बुटाला आपटून काळं पडतं. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. कपाटात पाच-सहा वर्षं पडून असलेला जोड मात्र बाहेर काढू नका. दमट हवेत तळाचा गोंद सुटतो आणि सोल भर रस्त्यात उघडा पडतो. सुती मोजेही टाळा. ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. मांड्या घासत असतील तर आधीच पेट्रोलियम जेली लावा.

नडगी दुखायला लागली तर बोटाने चाचपून पाहा. आतल्या कडेने तळहाताच्या लांबीएवढ्या पट्ट्यात दुखत असेल, तर धावणं निम्म्यावर आणा, पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा उचलण्याचा व्यायाम करा. बहुधा काही आठवड्यांत उतार पडतो. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या काही आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पुन्हा धावायला निघू नका. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

हवेचीही एक गोम आहे. थंडीत पहाटेची हवा शुद्ध, असा आपला समज. शहरात मात्र थंड, जड हवा जमिनीलगत बसते आणि रात्रीचा धूर, शेकोट्यांचा धूर त्यातच अडकून राहतो. ऊन वर आलं की ती हलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप फोनवर ठेवा. त्यात दिसणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर असेल, तर धावणं दुसऱ्या वेळी ढकला. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई मोठ्या रस्त्यापेक्षा बरी. फक्त उतारावरच्या सुट्या मुरमावर पाय घसरतो, तिथे सरळ चालावं. मुंबई-कोकणात त्रास दमटपणाचा. घाम वाळत नाही, अंग निवत नाही, म्हणून त्याच वेगाला नाडी जास्त पळते. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर घड्याळाकडे पाहू नका. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू चांगली, पण किनारा कलता असतो. एकाच दिशेने लांब गेलात तर एका पायावर भार पडतो, म्हणून अर्धं अंतर जाऊन उलट फिरा.

फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असे धावा. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, नजर न भिडवता हळूहळू चालत दूर व्हा.

वजन उतरेल या आशेने निघालेल्यांसाठी एक हिशेब. ७० किलोचा माणूस ३ किलोमीटर धावला की सुमारे २१० किलोकॅलरी खर्च होतात. परतीच्या वाटेवरचा एक वडापाव ती सगळी भरून काढतो. वडापाव खाऊच नये, असं आमचं म्हणणं नाही.

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. छातीत दाब, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

राहिला ताप. या दिवसांत डेंग्यू, चिकनगुनिया असतातच. ताप असताना अजिबात धावू नका, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. साध्या तापानंतर निदान आठवडाभर फक्त चाला आणि मग एक-दोन टप्पे मागे जाऊन धावणं सुरू करा. चिकनगुनियानंतर सांधे कित्येक आठवडे दुखतात. सकाळी उठल्यावर घोटे आखडणं थांबेपर्यंत चालण्यावरच राहा, आणि मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, इथपासून.

नमस्कार.